भिडूवाटणी

आमच्या घराच्या पुढच्या आणि मधल्या खोलीत दार नव्हतं, पडदा होता. मायच्या जुन्या लुगड्याचा, हिरवा, खाली काठ तसाच ठेवलेला. बाहेर पुरुषमाणसं बसली की आम्ही आत आणि त्यांचे आवाज आमच्या सोबतीला. त्यामुळं आबांचे दोस्त मला चेहऱ्याआधी आवाजानं आठवतात. काळे वकील दारात पाऊल टाकायच्या आधीच हसायला लागायचे. रेल्वेतल्या फ्रान्सिस गार्डच्या बुटांना खिळे होते, ते छावणीतून सायकलवर यायचे आणि ओट्यावर दोनदा पाय आपटून आत शिरायचे. हकीमसाहेबांचा मात्र आवाज नसायचा. वाळ्याच्या अत्तराचा वास पडद्यातून आत आला की माय मला म्हणायची, "कुसुम, कपबशी चार कर. हकीमसाब आले."

आबा म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीत कारकून. आमचं मूळ गाव पाचोड, पण आबा शिकायला म्हणून शहरात आले ते इथलेच झाले. निजामाच्या काळात त्यांच्या उर्दू अक्षराचं एवढं नाव होतं की लोक लांबून अर्ज लिहून घ्यायला यायचे, आणि त्यांना सगळे मुन्शीजी म्हणायचे. पोलीस ॲक्शन झाली, कारभार बदलला, कचेरीतून उर्दू गेली. केस पिकायला लागलेल्या वयात आबांना नव्या पोरांच्या शेजारी बसून इंग्रजी टिपणं लिहायला शिकावं लागलं. त्याबद्दल ते घरात कधी चकार शब्द बोलले नाहीत. बोलायचे ते फुटबॉलबद्दल. स्वतः तरुणपणी खेळलेले होते, आणि जेवताना भाकरीचे तुकडे ताटात मांडून मायला पास कसा द्यायचा ते समजावून सांगायचे. माय ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आता त्यो फॉरवर्ड खाऊन टाका, कालवण निवतंय."

हकीमसाहेबांशी त्यांचं नातं नुसत्या खेळाचं नव्हतं. रझाकारांच्या दिवसांत आमच्याकडचं धान्य संपलं तेव्हा हकीमसाहेबांनी आपल्या घरचं पीठ पाठवलं होतं. ॲक्शननंतरच्या वाईट आठवड्यांत आबा त्यांच्या दारात खाट टाकून बसले होते. हकीमसाहेबांचे दोन्ही भाऊ कराचीला निघून गेले, हे शहागंजातला दवाखाना सोडून हलले नाहीत. यातलं काही ही दोन माणसं कधी बोलून दाखवत नसत. मला सगळं मायनं सांगितलेलं.

दर हिवाळ्यात छावणीच्या मैदानावर कॉलेजांचे सामने व्हायचे. नांदेड, परभणी, बीड, जालना, सगळीकडची पोरं यायची, आणि ते संपले की विद्यापीठाच्या संघासाठी चाचणी व्हायची. त्या संघात नाव लागलं की पोराचं भाग्य उघडायचं. रेल्वेवाले, पोलीसवाले अशी पोरं हेरून नोकरीला घ्यायचे. संघ निवडायला अर्थात मोठी माणसं होती, आमच्या चौघांना कुणी विचारणार नव्हतं. पण चाचणीच्या आधीच्या रविवारी हे चौघं आमच्या पुढच्या खोलीत बसून आपापला संघ निवडायचे. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरायचा, मग एकेकानं आपल्या पाळीला एक पोरगा मागायचा. एकानं मागितला की तो दुसऱ्याला नाही. अकरा-अकरा कधी भरायचे नाहीत, तेवढी खेळायच्या लायकीची पोरंच नसतात असं गार्ड म्हणायचे. पाच-सहा जण झाले की थांबायचं. खऱ्या संघात ज्याची पोरं सगळ्यात कमी लागतील त्यानं बाकीच्यांना मटणाचा नान-कलिया खाऊ घालायचा. काळे वकील त्या जेवणाला घरी सांगून येत नसत.

पहिल्या वर्षी वकिलांनी या खेळाला 'बटवारा' म्हटलं होतं. हकीमसाहेबांनी बशीतला चहा खाली ठेवला आणि म्हणाले, "वकीलसाब, ये लफ्ज नक्को." मग आबांनी 'भिडूवाटणी' म्हटलं, लहान पोरं गल्लीत म्हणतात तसं, आणि तेच राहिलं. नियम एकच होता: आपल्या घरचं पोरगं आपण मागायचं नाही.

या नियमाचं आम्हाला कधी ओझं वाटलं नव्हतं, कारण आमच्या घरचं पोरगं त्या वर्षापर्यंत खेळतच नव्हतं कॉलेजात. त्या वर्षी शंकरदादा, माझा थोरला भाऊ, राइट आउटला म्हणजे उजव्या कडेला खेळला. तो पळायला लागला की मैदानाकडेचे टांगेवालेसुद्धा घोड्यांचे लगाम धरून उभे राहायचे. परभणीविरुद्धचा सामना पाहून आबा घरी आले आणि न जेवता ओट्यावर बसून राहिले. मायनं विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही. आज पोट भरलंय."

आबांना माहीत नव्हतं ते असं, की त्याच सामन्याच्या शेवटी दादाचा उजवा गुडघा आतून मुरगळला होता. त्या दिवशी तो चालत घरी आला, दुसऱ्या दिवशी गुडघा भोपळ्यासारखा झाला. दादानं मायच्या पायावर हात ठेवला. चाचणी होऊ दे, मग सांगू. मायनं ऐकलं, पण तिनं एक केलं: दुपारी आबा कचेरीत असताना त्याला घेऊन हकीमसाहेबांकडे गेली. मीही बरोबर होते. हकीमसाहेबांनी गुडघा दोन्ही हातांत धरून डोळे मिटले, हळूच वाकवला. दादाच्या कपाळावर घाम आला. "बेटा," ते म्हणाले, "अब दौडना नहीं. बरस भर नहीं." माय पदर सावरून म्हणाली, "हकीमसाब, ह्यांच्या कानावर घालू नका. मी सांगंन, येळ पाहून. तुम्हाला माझी आण हाय." हकीमसाहेब छातीला हात लावून म्हणाले, "भाबी, इथली गोष्ट इथंच राहील. पण तुम्ही लवकर सांगा." लेप दिला, पट्टी बांधली. माय रोज वेळ पाहत राहिली आणि वेळ काही सापडेना. आबा खुशीत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. अशा माणसाला कसं सांगायचं?

तर तो रविवार. मायनं कांद्याची भजी तळायला घेतली होती, चुलीचा धूर मधल्या खोलीत भरला होता. शंकरदादा ज्वारीच्या पोत्याला टेकून, पाय लांब करून पडद्याशी बसला होता, मी त्याच्या शेजारी. बाहेर चिठ्ठ्या पडल्या. पहिली पाळी हकीमसाहेबांची, मग गार्ड, मग वकील, शेवटी आबा. दादानं माझं मनगट धरलं. पहिली पाळी हकीमसाहेबांची म्हणजे पहिला मान राइट आउटचा, हे बाहेर सगळे धरून चालले होते. सगळ्या सामन्यांत टाळ्या कुणाला पडल्या हे काय कुणी पाहिलं नव्हतं? आबांनी घसा साफ केला.

"सलीम," हकीमसाहेब म्हणाले. "नांदेडचा सेंटर हाफ."

गार्डनी थोडं थांबून गोलकीपर मागितला. वकिलांनी रफीकला घेतलं, सरकारी कॉलेजातला सेंटर फॉरवर्ड, दादाचा जोडीदार. आबांनी परभणीचा फुल बॅक मागितला, पण त्यांचा आवाज घोगरा झाला होता. दुसऱ्या फेरीला हकीमसाहेबांनी बीडचा कुलकर्णी घेतला. वकील हसत म्हणाले, "हकीमसाहेब, आपला राइट आउट राहिलाय की अजून." हकीमसाहेब म्हणाले, "देखा मैंने." एवढंच. आणि मग वकिलांचं हसणं थांबलं. गार्ड "शंकर..." म्हणून सुरुवात करून थांबले, आणि जालन्याच्या एका पोराचं नाव घेतलं. मला आतून कळत होतं काय चाललंय. शहरातले अर्धे खेळाडू पाय चोळून घ्यायला, हाड बसवून घ्यायला हकीमसाहेबांकडे जायचे. ते ज्याला टाळतात त्याच्यात काहीतरी असणार, असं दोघांनी मनाशी धरलं असावं. तेही टाळायला लागले. आत भज्यांचा घाणा तळून झाला होता तरी माय तो काढत नव्हती. मी पाहिलं, ती झारा हातात धरून पडद्याकडे बघत उभी होती.

तिसऱ्या फेरीला हकीमसाहेबांनी युनूस घेतला. चौथ्यालाही दादाचं नाव कुणी घेतलं नाही. खेळाडू संपत आले. आता बाहेर चेष्टामस्करी बंद होती, फक्त नावं यायची आणि मधे कपबशीचा आवाज. दादा माझं मनगट सोडून स्वतःच्या पट्टीवरून हात फिरवत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. आज वाटतं, पाहायला हवं होतं; त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कधीच कळणार नाही.

शेवटची पाळी आली. हकीमसाहेब म्हणाले, "इस्माईल."

"कुठला इस्माईल?" आबांनी विचारलं.

"जालन्याचा."

"राइट आउट?"

"हौ, मुन्शीजी. राइट आउट."

हा इस्माईल सगळ्यांनी पाहिला होता. चेंडू त्याच्या पायाला लागून आपोआप पुढं गेला तर जायचा. आबा हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

"सरळ सांगा ना हकीमसाहेब," ते म्हणाले. "आपल्यातला तो आपला."

"क्या बोले?"

"अहो मुन्शीजी..." वकील मधे पडले.

"तुम्ही थांबा वकीलसाहेब. सलीम. युनूस. इस्माईल." बीडचा कुलकर्णी त्यांनी गाळला. "नावं मी नाही घेतली, यांनी घेतली. इतकी वर्षं एका बशीत चहा पितोय, पण माणसाच्या मनात जे असतं ते असतंच. वेळ आली की दिसतं."

हकीमसाहेबांनी बशी खाली ठेवली. त्यांनी फक्त एक वाक्य बोलायचं होतं. तेवढ्यानं सगळं मिटलं असतं. ते बोलले नाहीत. त्यांनी सतरंजीवरची टोपी उचलली, आणि गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले. ते दाराकडे वळले तेव्हा माझ्या बाजूनं कुणीतरी गेलं. पडदा हलला.

माय बाहेर गेली होती. हातात झारा, पदर डोक्यावरून मागं पडलेला. या चौघांसमोर ती आजवर कधी आली नव्हती. चहा मी द्यायचे किंवा आबा स्वतः आत येऊन घेऊन जायचे.

"बसा हकीमसाब," ती म्हणाली. मग आबांकडे वळली. "आवं, कोणाला काय बोलताय? पोराचा गुडघा गेलाय. परभणीच्या सामन्यातच गेलाय. मीच घेऊन गेले व्हते यांच्याकडं. मीच आण घातली, तुम्हाला सांगू नका म्हणून. त्यांनी शबूद पाळला. आन् तुम्ही?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "शंकर," त्यांनी हाक मारली. मोठ्यानं नाही. दादा उठला. इतके दिवस आबांसमोर तो सरळ चालत होता, आता त्यानं लपवलं नाही, भिंतीला धरत लंगडत बाहेर गेला. आबा म्हणाले, "पायजमा वर कर." दादानं केला. पट्टीच्या वर आणि खाली गुडघा सुजून चकाकत होता. काळे वकिलांनी तोंड फिरवलं.

"मी खेळणार हाय," दादा म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "चाचणीपुरतं खेळू द्या मला. नंतर काय व्हायचं ते होऊ द्या."

हकीमसाहेब दारात पाठमोरे उभे होते. ते परत वळले, आबांकडे न बघता मायला म्हणाले, "भाबी, विटेचा शेक द्या, कपड्यात बांधून. पाय खाली सोडून बसू देऊ नका." आणि गेले. गार्ड आणि वकील मागोमाग उठले. भजी कढईत काळी पडली होती.

शंकरदादा चाचणीला गेला नाही. त्या सकाळी त्यानं बूट घातले, गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि आपणहून परत आला. पुढं गुडघा बरा झाला, चालण्यापुरता, सायकलपुरता. सोयगावला नोकरी लागली, संसार झाला. मायशी तो कित्येक महिने नीट बोलत नव्हता, आणि मग एकदा दिवाळीला आला तेव्हा जेवताना स्वतःहून म्हणाला, "माय, तू त्या दिवशी बाहेर आली नसतीस तर मी गेलो असतो." माय म्हणाली, "व्हय. म्हणून तर आले." पुढच्या वर्षी भिडूवाटणीही झाली, चौघंही बसले. पण आबा आणि हकीमसाहेब काही वेळा एकमेकांचं बोलणं संपायची फार वेळ वाट बघायचे, पूर्वी तसं नव्हतं. असं एकदा बोललेलं वाक्य घरातून पूर्ण जात नाही, हे मला पुढं माझ्या संसारातही समजलं.

हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते त्या रविवारच्या दुसऱ्या दिवसाचं. सकाळी आबा कचेरीचे कपडे घालून निघाले आणि शहागंजाकडे वळले. मायनं माझ्या हातात धपाट्यांचा डबा दिला होता. "तू जा संगं," ती म्हणाली होती, "एकले गेले तर दारातून माघारी येतील."

दवाखान्यात गर्दी होती. आबा बाकावर, एका खोकणाऱ्या म्हाताऱ्याच्या शेजारी बसले. हकीमसाहेबांनी आम्हाला पाहिलं आणि पुढचा रोगी बोलावला. कुणाला काढा, कुणाला चूर्ण, एका बाईच्या लेकराची जीभ पाहिली. आबांच्या नंतर आलेली माणसंही आधी आत गेली, आबांनी कुणाला अडवलं नाही. शेवटी हकीमसाहेबांनी हात पुढं केला. आबा जवळ गेले, काही बोलायला तोंड उघडलं, तर हकीमसाहेबांनी त्यांचं मनगट धरलं आणि नाडीवर बोटं ठेवली. डोळे मिटले. आबांना गप्प राहावं लागलं.

"हकीमसाहेब," आबा म्हणाले, "त्याचं नाव घेऊन टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? नुसता खेळ होता."

"मैंने नाम लिया होता, तो लडका मैदान पे जाता." हकीमसाहेबांनी डोळे उघडले नाहीत. "त्याला वाटलं असतं, हकीमनं परवानगी दिली."

"आणि ती बाहेर आली नसती तर?"

"तर मी गेलो असतो घरी."

"मी काय समजून बसलो असतो मग?"

हकीमसाहेबांनी आता डोळे उघडले. "जे समजायचं ते तुम्ही आधीच समजला होता, मुन्शीजी. मी काय बोलू?"

आबांनी मान खाली घातली. उर्दूत माफी मागण्याचे किती नाजूक, सुंदर शब्द आहेत, लोकांच्या अर्जांत त्यांनीच ते आयुष्यभर लिहिले होते. त्यातला एकही त्यांच्या तोंडी आला नाही. ते आपल्या पाचोडच्या बोलीत, जी ते शहरात कुणापुढं बोलत नसत, एवढंच म्हणाले, "लई वंगाळ बोललो मी."

हकीमसाहेबांनी मनगट लगेच सोडलं नाही. मग शेजारच्या बरणीतून काहीतरी काढून पुडी बांधली, आबांच्या हातात ठेवली. "झोपेसाठी," म्हणाले, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

आता जावं की थांबावं हे आबांना कळेना. हकीमसाहेबांनी जा म्हटलं नव्हतं, बसा म्हटलं नव्हतं. आबा परत बाकावर बसले. कचेरीची वेळ टळून गेली. उन्हाची तिरीप दवाखान्याच्या उंबऱ्यावरून आत आली आणि बाहेर गेली. एकेक करत रोगी संपले. हकीमसाहेब उठले, हात धुतले, माझ्याकडून डबा घेऊन आतल्या फळीवर ठेवला, आणि दुपारी दवाखाना बंद करायच्या लांब लाकडी फळ्या भिंतीशी उभ्या होत्या त्यातली पहिली उचलली. ती एका माणसाला जड होती. रोज त्यांचा भाचा मदतीला असायचा, त्या दिवशीही तो दारातच उभा होता. हकीमसाहेबांनी त्याला हातानं थांबवलं.

"मुन्शीजी," ते म्हणाले, "उधर से पकडो."